उगवण्यापूर्वीचा अपराध

लखनौच्या गोमती नगरातील विभागांची नावे वाचताना प्रथम मौज वाटते आणि मग माणूस थोडा अंतर्मुख होतो. विवेक खंड, विनय खंड, विश्वास खंड, विराम खंड. १९८० च्या दशकापासून लखनौ विकास प्राधिकरणाने नदीपलीकडच्या शेतजमिनींवर ही वसाहत वसवली, तेव्हा नावे ठरविणाऱ्याने 'वि' या अक्षराचा जणू पणच केला असावा. माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्नानंतर या शहरात आली आणि गेली कित्येक वर्षे यांतल्या विवेक खंडात राहते आहे. गेल्या दसऱ्याला मी तिच्याकडे होतो. दारावर तिने झेंडूचे तोरण बांधले होते; आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडे, कोणा दूरस्थ मालकाच्या मोकळ्या भूखंडावर, कमरेइतके गाजर गवत पांढऱ्या बारीक फुलांनी बहरून उभे होते. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. गाजर गवतही त्याच बाजूचे, अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने दोघेही एकाच, सूर्यफुलाच्या, कुळातले. एकाला आपण देवाच्या आणि घराच्या दारी बांधतो; दुसऱ्याच्या नुसत्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठते. परकेपणा हा काही अपराध नव्हे, हे त्या तोरणाने आधीच सांगून टाकले होते. मग अपराध कोणता? तो कोणाचा? आणि तो घडण्यापूर्वी ओळखता येत असेल, तर ओळखणाऱ्यावर कोणते दायित्व येते?

हे प्रश्न मला केवळ पुस्तकी वाटले नाहीत, याला कारण अक्काच्या अंगणातली एक वेल. २०१८ साली पुण्याचे आमचे वडिलोपार्जित घर पुनर्विकासासाठी पाडले गेले. घर रिकामे करताना अक्काने फोनवर एवढेच मागितले होते, "अरे, अंगणातलं काहीतरी आण माझ्यासाठी." प्राजक्त आणता येण्याजोगा नव्हता. विहिरीपाशी पिवळ्या फुलांची एक जमिनीसरशी पसरणारी वेल होती. तिचे चार तुकडे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मी आगगाडीने लखनौला नेले. दोन रात्री आणि एक दिवस उलटला तरी पाने टवटवीत होती. तिच्या या चिवटपणाचे मला तेव्हा कौतुकच वाटले. कुंपणाच्या कडेने ती लावली आणि आमच्या आईच्या अंगणाचा एक कोपरा गोमतीच्या काठी रुजला, या समाधानात मी परतलो. यंदा पाहिले, तर वेल भिंतीखालच्या फटीतून बाहेरच्या गटाराच्या काठावर उतरली होती. रोपवाटिकांत तिला वेडेलिया किंवा सिंगापूर डेझी म्हणतात. ती सिंगापूरची नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेची आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी जगातील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परकीय जीवजातींची जी यादी केली आहे, तीत तिचा समावेश आहे. हे मला वेल लावल्यानंतर कळले. आधी कळले असते तर मी काय केले असते, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधण्याचा प्रयत्न म्हणजे हा निबंध.

गाजर गवताची कथा पुण्यातल्या माणसाने सांगावी हे योग्यच आहे, कारण भारतातील त्याच्या अर्वाचीन इतिहासाचा आरंभ पुण्यातच झाला असे मानतात. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात आढळले आणि १९५६ साली आर. एस. राव यांनी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात भारतासाठी नवी नोंद म्हणून त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत ते देशभर पसरले. १९७० च्या दशकात पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचादाहाचे वर्णन केले. १९७५ साली कर्नाटकाने कायद्याने त्याला उपद्रवी तण ठरविले. लोकांनी मात्र त्याचा खटला फार पूर्वीच निकालात काढला होता. अमेरिकेच्या 'पी. एल. ४८०' योजनेतून जो गहू आला, त्याबरोबर हे बी आले, असे आमच्या पिढीने लहानपणापासून ऐकले. त्याला काँग्रेस गवत हे नाव का पडले याचीही दोन कारणे सांगत: फुले गांधी टोपीसारखी पांढरी म्हणून, किंवा त्या वेळी राज्य त्या पक्षाचे होते म्हणून. परंतु तारखा पाहिल्या तर या निकालात एक अडचण दिसते. त्या योजनेखालचा भारत-अमेरिका करार ऑगस्ट १९५६ मधला आहे आणि गवत तर त्याआधीच पुण्यात दिसले होते. १९५१ साली दुष्काळाच्या काळात अमेरिकेहून कर्जाऊ धान्य आले होते, त्यातून ते आले असणे अशक्य नाही. काही अभ्यासकांनी तर कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ सालच्या यादीत या वनस्पतीचे नाव असल्याचे दाखवून दिले आहे. म्हणजे ज्याच्यावर आपण बोट ठेवले, तो या अपराधातला कदाचित एकटा नसेल आणि पहिला तर नसेलच. संकट ओढवल्यावर कारण शोधताना मनुष्य पुराव्याकडे कमी आणि रागाकडे अधिक पाहतो. भूतकाळाविषयी जर आपले एवढे चुकते, तर भविष्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला कसा पोचतो, अशी शंका येणे साहजिक आहे.

तरीही भविष्याविषयी बोलावे लागते, आणि आज ते पुष्कळ शिस्तीने बोलले जाते. गोमती नगरातून नदी ओलांडून शहराच्या जुन्या भागाकडे गेले की सिकंदर बाग लागते. वाजिद अली शाहने बांधलेली ही बाग १८५७ च्या नोव्हेंबरात रक्ताने न्हाली. स्वातंत्र्यानंतर तिथेच प्रा. कैलासनाथ कौल यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय वनस्पती उद्यान उभे राहिले; १९५३ मध्ये ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले आणि १९७८ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था असे झाले. अशा संस्थांच्या वनस्पतिसंग्रहात वाळवलेली, कागदावर चिकटवलेली रोपे असतात. प्रत्येकाखाली गोळा करणाऱ्याचे नाव, ठिकाण आणि तारीख. भाकिताचा कच्चा माल हाच. एखादी वनस्पती जगात कुठे कुठे आढळली, त्या प्रत्येक ठिकाणी पाऊस किती, थंडी किती, कोरडे महिने किती, माती कशी, हे मांडले की तिला काय मानवते याचे एक चित्र तयार होते. परिसरशास्त्रज्ञ त्यासाठी जो इंग्रजी शब्द वापरतात, त्याचा मूळ अर्थ आहे भिंतीतला कोनाडा. १९१७ साली कॅलिफोर्नियातल्या एका पक्ष्यावर लिहिताना जोसेफ ग्रिनेल यांनी तो रूढ केला. जीवमात्राचा या जगात एक कोनाडा असतो. त्याचे माप घ्यायचे आणि तेवढ्याच मापाचे कोनाडे जिथे रिकामे आहेत, ती ठिकाणे नकाशावर रंगवायची, ही या शास्त्राची रीत. २००६ पासून या कामासाठी उत्तम संगणक-प्रणाली सहज उपलब्ध झाल्या आणि जगभर असे नकाशे निघू लागले. भारतापुरता असा एक मोठा अभ्यास दिब्येंदु अधिकारी, रघुवर तिवारी आणि सरोजकांत बारिक यांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. देशाच्या भूभागापैकी सुमारे ४९ टक्के भाग परकीय वनस्पतींच्या आक्रमणाला मध्यम ते अधिक प्रमाणात अनुकूल आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. सर्वाधिक धोक्याची ठिकाणे ठरविताना त्यांनी केवळ हवामान पाहिले नाही; मनुष्याने ज्या भूमीचे रूप पालटले आहे तीही त्यावर आच्छादून पाहिली. त्यांपैकी बारिक पुढे याच सिकंदर बागेतील संस्थेचे संचालक झाले.

या नकाशांच्या मर्यादा त्यांचे कर्तेच प्रांजळपणे सांगतात. वनस्पती गोळा करणारा मनुष्य मोटार जाते तिथपर्यंतच बहुधा जातो. म्हणून नोंदी रस्त्यांच्या कडेला दाटतात आणि दुर्गम रानात विरळ होतात. नोंद नाही याचा अर्थ वनस्पती नाही असा होत नाही. दुसरी अडचण याहून खोल आहे. मायदेशी एखादी वनस्पती अमुकच हवेत राहते, कारण तिथे तिला खाणारे किडे आहेत, तिच्याशी झगडणारे शेजारी आहेत. परदेशी ते पाश तुटतात आणि ती असे काही करू लागते, जे तिने घरी कधी केले नव्हते. आपल्या घाणेरीचे हेच झाले. १८०९ च्या सुमारास शोभेसाठी कोलकात्याच्या उद्यानात आणलेली ही झुडपे आज सह्याद्रीच्या उतारांपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत माजली आहेत. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील निनाद मुंगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखविले, की तिने आपला मूळचा कोनाडाच रुंदावला आहे आणि देशातील दीड लाखांहून अधिक चौरस किलोमीटर वनभूमी व्यापली आहे. ज्या कोनाड्याचे माप आपण घेतले, तो मातीचा नसून जणू रबराचा निघाला. म्हणजे वनस्पतीच्या मूळ स्वभावावर आधारलेले भाकीत तिच्या पराक्रमाला अपुरे पडू शकते.

उलट बाजूने ते अति कठोरही ठरू शकते. १९९६ साली मार्क विल्यमसन आणि ॲलास्टर फिटर या ब्रिटिश अभ्यासकांनी एक ढोबळ ठोकताळा मांडला: बाहेरून आणलेल्या जातींपैकी साधारण दहातली एक बागेबाहेर पडते, बाहेर पडलेल्यांतली दहातली एक रुजते आणि रुजलेल्यांतली दहातली एक उपद्रवी होते. याला अपवाद पुष्कळ आहेत, पण विचारासाठी तो धरून चालू. एक हजार नव्या जाती आणल्या तर त्यांत उपद्रवी निघणार एक. आता समजा, आपली परीक्षा शंभरात नव्वद वेळा बरोबर ठरते. तिने ती एक बहुधा पकडली, तरी उरलेल्या निरपराध जातींपैकी सुमारे शंभरांवर ती खोटा आरोप ठेवील. ऑस्ट्रेलियाने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नव्या वनस्पतीला प्रवेश देण्यापूर्वी ४९ प्रश्नांची चाळणी लावली, तेव्हा हा हिशेब तिथल्या शास्त्रज्ञांना ठाऊक होता. त्यांचे उत्तर साधे होते. शंभर निरुपद्रवी जातींना दार बंद ठेवल्याने काही रोपवाटिकांचा व्यापार बुडेल. एका उपद्रवी जातीला आत घेतल्याने जे घडेल ते परत फिरवता येणार नाही. तराजूची पारडी मुळातच असमान आहेत, म्हणून संशयाचा फायदा रोपाला न देता भूमीला द्यावा. त्या ४९ प्रश्नांत एका प्रश्नाला फार वजन आहे, आणि तो मनात घोळत राहतो: ही जात अन्यत्र कुठे तण झाली आहे काय?

येथे महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात काहीतरी खटकले पाहिजे. कूळ पाहून, पूर्वज पाहून, अन्यत्र कोणी काय केले ते पाहून, जन्माआधीच अपराधी ठरविण्याची ही रीत आपण पाहिलेली आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो प्रथम ज्या प्रदेशांना लागू झाला त्यांत हा अवधही होता. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही पोहोचला. अमुक जमातीत जन्मलेले मूल मोठेपणी चोरी करणार, हे भाकीत कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले आणि त्या भाकितापोटी माणसांना हजेरी द्यावी लागली, वस्त्यांत कोंडून घ्यावे लागले. भाकितानेच त्यांचे उदरनिर्वाहाचे मार्ग बंद केले आणि मग कोणी चोरी केली की भाकीत खरे ठरल्याचा पुरावा म्हणून ती दाखविली गेली. १९५२ मध्ये कायदा गेला. नजर गेली नाही. लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला नाव दिले 'उपरा'. तोच शब्द आज आपण वनस्पतींसाठी सहज वापरतो: उपरी झाडे, घुसखोर गवत, आक्रमक वेली. गोमती नगरात डॉ. आंबेडकरांच्या नावाचे भव्य पाषाणस्मारक आहे. त्याच्या परिसरातून फिरताना या शब्दांचा विचार मनात आला आणि ते जिभेवर जड झाले.

तेव्हा दोन भाकितांतला भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर एकाचे वैध शास्त्र दुसऱ्याच्या अन्यायाला आधार देईल. गवताला हेतू नसतो. त्याला दार नाकारले तर त्याचा अपमान होत नाही; त्याला स्वतःविषयीचे भाकीत ऐकू येत नाही आणि ऐकून ते बदलतही नाही. माणसाला भाकीत ऐकू येते. माणूस पश्चात्ताप करू शकतो, वचन देऊ शकतो, पूर्वजांचा मार्ग सोडू शकतो, आणि मुख्य म्हणजे, खोट्या आरोपाने त्याचे जे होते तीच एक स्वतंत्र हानी असते. म्हणून रोपाच्या बाबतीत जो संशय म्हणजे सावधगिरी, तोच माणसाच्या बाबतीत अन्याय होतो. ही रेषा ओलांडून जो वनस्पतींच्या रूपकाने माणसांविषयी बोलू लागतो, त्याने शास्त्र सोडलेले असते. आणि परकेपणाचीच चीड असेल, तर आपल्या स्वयंपाकघरात काय उरेल? मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, काजू, पेरू, सीताफळ, ही सारी समुद्रापलीकडची. उलट आपली बाभूळ १८९० च्या दशकात सावलीसाठी आणि चाऱ्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये नेली गेली. तिथल्या गवताळ प्रदेशात आज ती मोठा उपद्रव मानली जाते. आपल्या जांभळाला हवाई बेटांत आणि फ्लोरिडात तेच दूषण लागले. इथली सज्जन ती तिथली दुर्जन. दोष झाडाच्या रक्तात असता, तर असे झाले नसते.

मग दोष कुठे आहे? भाकिताचा नकाशा नीट वाचला तर तो स्वतःच हे सांगतो. त्यावर रंगवलेली ठिकाणे वनस्पतीने निवडलेली नाहीत. रेल्वेमार्ग, महामार्गांच्या कडा, धरणांचे काठ, नव्या वसाहती, पडीक टाकलेली शेते, सांडपाण्याने तृप्त झालेली तळी. जिथे मनुष्याने माती उलथली आणि पुन्हा मागे वळून पाहिले नाही, तिथे तिथे रंग गडद होतो. गोमती नगर या दृष्टीने एक धडाच आहे. इथे पूर्वी उजरियाँव आणि आसपासच्या खेड्यांची शेते होती. शेत नांगरणाऱ्याचा डोळा रोज जमिनीवर असतो. तण वाढायला त्याची परवानगी लागते. वसाहत झाली, तेव्हा शेताचे भूखंड झाले. बाहेरून मालमोटारींनी भराव आला. त्या मातीबरोबर कोणत्या गावाचे बी आले, हे कोणी पाहिले नाही. अनेक भूखंड राहण्यासाठी घेतलेले नव्हते, भाव वाढण्यासाठी घेतलेले होते. त्यांवर वर्षानुवर्षे कोणी पाऊल ठेवले नाही. गाजर गवताच्या एका रोपाला हजारोंनी बिया येतात आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते. त्याला हवी असते ती उघडी जमीन आणि अनुपस्थित मालक. दोन्ही गोष्टी आपण कागदपत्रांवर सही-शिक्क्यानिशी तयार करून ठेवल्या.

नदीचीही तीच कथा. गोमती हिमनदीतून येत नाही. पिलीभीतजवळच्या माधोटांडा येथील तळ्यातून ती निघते आणि भूजलावर व पावसावर जगते. उन्हाळ्यात तिचा प्रवाह मुळातच मंद. त्यात शहराचे सांडपाणी मिसळले, पाणी अडले आणि जलपर्णीला पाहिजे तो कोनाडा सिद्ध झाला. दर वर्षी ती काढतात, दर वर्षी ती पसरते. पुण्याच्या मुळा-मुठेवर आणि पवनेवर मी हेच पाहत आलो आहे. जलपर्णी कुठे पसरेल याचे भाकीत करण्यासाठी मोठ्या गणिताची आवश्यकता नाही. महापालिकेच्या मैलापाण्याचा हिशेब पुरेसा आहे. म्हणून माझ्या मते या शास्त्राचे खरे नाव मनुष्यचरित्राचे भाकीत असे ठेवले पाहिजे. वनस्पती या चरित्राची केवळ शाई आहे.

लखनौ हे लक्ष्मणाने वसविलेले नगर अशी लोकश्रद्धा आहे आणि त्याच्याच नावाची एक रेषा आपल्या सर्व भाषांत आहे. ती वाल्मीकींच्या काव्यात नाही; लोकपरंपरेने ती नंतर आखली. पण लोकपरंपरेचे मर्म मार्मिक असते. धोका येणार हे ओळखून ती रेषा आखली गेली आणि बाहेरच्याला ती ओलांडता आली नाही. ती ओलांडली गेली आतून, आणि तीही भिक्षा वाढण्याच्या, म्हणजे एका सद्गुणाच्या, पोटी. आपल्या देशातील उपद्रवी वनस्पतींचा इतिहास पाहिला तर त्यांतल्या फार थोड्या चोरपावलांनी आल्या. घाणेरी सौंदर्यासाठी आणली, जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांसाठी, वेडी बाभूळ सरपणासाठी आणि वाळवंट थोपविण्यासाठी, सुबाभूळ गुरांच्या चाऱ्यासाठी. मी वेल आणली ती बहिणीच्या मायेसाठी. रेषा दर वेळी चांगल्या हेतूनेच ओलांडली गेली आहे.

परंतु चांगल्या हेतूची पुण्याई अज्ञानाच्या काळापुरतीच चालते. १९६० च्या दशकाच्या आरंभी कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात ज्यांनी खाऱ्या वाळवंटाला आवर घालण्यासाठी वेडी बाभूळ लावली, त्यांना आपण दोष देऊ नये. त्यांच्या हाती आजचा नकाशा नव्हता. तो आज ज्याच्या हाती आहे, त्याला मात्र 'मला ठाऊक नव्हते' हे वाक्य उच्चारता येणार नाही. भाकिताचे नैतिक कार्य हेच आहे. ते वनस्पतीला अपराधी ठरवीत नाही. आपल्याकडचे निरपराधपण तेवढे काढून घेते. २०२३ मध्ये जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने जगातील ३,५०० हून अधिक उपद्रवी परकीय जातींचा आढावा घेतला आणि त्यांमुळे २०१९ साली झालेली हानी ४२३ अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे सांगितले. हा आकडा मोठा असला तरी ती हानी कोणी सोसली हे त्यातून दिसत नाही. गोमती नगरात मला ते दिसले. भूखंडाचा मालक दुसऱ्या शहरात असतो. गवत उपटायला येतात त्या रोजंदारीवरच्या बायका. त्यांच्या हातांत मोजे नसतात, आणि पुरळ त्यांच्या मनगटांवर उठते. बन्नीत गुरे पाळणाऱ्यांचे गवत गेले, आणि आता त्याच बाभळीचा कोळसा पाडून जगणारी कुटुंबे निर्माण झाली आहेत, त्यामुळे ती तोडा म्हणणेही सोपे राहिलेले नाही. आणणारा एक, भोगणारा दुसरा आणि त्या भोगातच आपला निर्वाह शोधणारा तिसरा. या तिघांचा एकत्र विचार केल्यावाचून कोणत्याही नकाशाचा रंग पुरा भरत नाही.

उपायाच्या बाबतीतही घाई करून चालत नाही. गाजर गवत खाणारा मेक्सिकोतला भुंगेरा १९८३ साली बंगळुरूला आणला गेला आणि चाचण्यांनंतर १९८४ पासून शेतात सोडला गेला. काही वर्षांनी तो सूर्यफुलावर दिसला आणि ओरड झाली. गवत सूर्यफुलाच्याच कुळातले असल्याने ही भीती अवास्तव नव्हती. सरकारने चौकशी समिती नेमली. सूर्यफुलाच्या पिकाला त्यापासून मोठा धोका नाही, असे अखेर ठरले. आज तो भुंगेरा पावसाळ्यात गाजर गवताची पाने कुरतडताना अनेक ठिकाणी दिसतो. एका पाहुण्याला आवरण्यासाठी दुसरा पाहुणा बोलवायचा, तर त्याचेही भाकीत आधी करावे लागते, आणि शंका आली तर थांबून ती तपासावी लागते. त्या ओरडणाऱ्यांना अज्ञ म्हणणे मला पटत नाही. त्यांची शंका चुकीची ठरली, तरी शंका विचारण्याचे त्यांचे कर्तव्य चुकीचे नव्हते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी अक्काला हे सारे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्या घरातलं आता एवढंच राहिलंय रे." मी गप्प राहिलो. नकाशा, ठोकताळा, ४९ प्रश्न, यांतले काहीही त्या वाक्यासमोर उच्चारण्याजोगे नव्हते. थोड्या वेळाने तीच उठली आणि गटाराच्या काठाशी जाऊन उभी राहिली. वेल पाण्याच्या दिशेने हातभर उतरली होती. पेरापेराला मुळे फुटली होती. एखादे पेर तुटून वाहत गेले तर ते पुढे जिथे अडकेल तिथे रुजेल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नव्हता. तो नाला पुढे गोमतीलाच मिळतो. "नदीचं काय जातंय, असं कसं म्हणायचं? तीपण कोणाची तरी आहेच की," अक्का म्हणाली.

आम्ही दोघांनी दोन सकाळी खपून वेल जमिनीतून काढली. पेरे गोणपाटावर पसरून गच्चीवर कडकडीत उन्हात वाळविली, मगच टाकली. एक तुकडा तिने कुंडीत लावला आणि कुंडी गच्चीवर, मातीपासून दूर, चौरंगावर ठेवली. छाटणीचा एकही तुकडा खाली जाऊ द्यायचा नाही, असे तिने स्वतःशी ठरविले आहे. हा निर्णय पूर्ण योग्य होता, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. कठोर शास्त्र म्हणेल, तो एक तुकडाही ठेवायला नको होता. अक्काचे वय सत्तरीपुढे आहे, आणि तिच्यानंतर कुंडीची निगा कोण राखील, हा प्रश्न उरतोच. तो आम्ही तिच्या मुलीला सांगून ठेवला आहे. जी गोष्ट आपण आणली तिच्यामागे आपल्यानंतरही कोणी जागे राहील अशी व्यवस्था करणे, एवढेच बहुधा माणसाच्या हातात असते.

भिंतीपलीकडच्या भूखंडावरचे गवत मात्र तसेच होते. त्याचा मालक कोण ते शेजाऱ्यांनाही माहीत नाही. मी निघण्याच्या आदल्या दिवशी अक्काने बाजारातून रबरी मोज्यांचे चार जोड आणून दाराशी ठेवले होते. गवत उपटायला पुन्हा त्या बायका येतील तेव्हा द्यायला, असे तिने सांगितले. पुढच्या वर्षी ते गवत तिथे पुन्हा उगवेल, हे भाकीत करायला मला कोणत्याही नकाशाची गरज वाटत नाही.